पालकाच्या रकान्यात

गेल्या नोव्हेंबरातल्या एका सोमवारी, सकाळी आठ वाजून वीस मिनिटांनी, नर्सिंग कॉलेजच्या प्राचार्य मॅडमनी माझा रजेचा अर्ज वर्गासमोर फाडला. आधी उभा, मग आडवा. चार तुकडे माझ्या हातात दिले. फेकले नाहीत. हे सांगायला हवं, कारण त्या दिवशी घरी मी 'तोंडावर फेकले' असं सांगितलं. ते खरं नव्हतं.

अर्ज एका दिवसाच्या रजेचा होता. कारण: मुलीला ताप. मुलगी नऊ वर्षांची, चौथीत. अर्जाच्या तळाशी पालकाच्या सहीचा रकाना असतो. तिथे मी स्वतःची सही केली होती.

"पालकाची सही कुठे आहे?"

"मॅडम, ती माझीच आहे."

"तू विद्यार्थिनी आहेस."

"मी बत्तीस वर्षांची आहे, मॅडम. आईवडील वारले. घटस्फोट झालाय. मला मुलगी आहे. तिची पालक मीच."

मॅडमनी माझ्या गळ्याकडे पाहिलं. गळ्यात दोऱ्यात ओवलेलं बुद्धाचं लॉकेट होतं. युनिफॉर्मवर काही घालायचं नसतं. तेवढी चूक माझी होती.

"तुमच्याकडे बायकांना विचारणारं कुणी नसतं, हाच तर प्रॉब्लेम आहे," त्या म्हणाल्या. "इथे असं चालत नाही. नवरा नाही तर भाऊ आण. कुणीतरी पुरुष माणूस असेलच ना घरात? का तोही नाही?"

मागच्या बाकावरून कुणीतरी हसलं. वर्गातल्या मुली अठरा-एकोणीसच्या. तोंडावर मला 'ताई' म्हणत, आपसात 'मावशी'. 'तुमच्याकडे' म्हणजे कुठे, हे मॅडमनी सांगितलं नाही. वर्गात कुणाला विचारावंही लागलं नाही.

मी म्हणाले, "सॉरी मॅडम." कशाबद्दल म्हणाले, ते मला आजही सांगता येत नाही.

नियम असा होता: पालकाची सही नसलेली रजा म्हणजे गैरहजेरी. अशा तीन गैरहजेऱ्या झाल्या की वार्षिक परीक्षेला बसता येणार नाही. परीक्षा गेली की वर्ष जाणार. कोर्स तीन वर्षांचा. प्रवेशाला पस्तिशीची मर्यादा होती आणि मी तिच्या जवळ पोहोचून आत शिरले होते. पुन्हा पहिल्यापासून सुरू करायला फारसं वय उरलं नव्हतं.

त्या दिवशी मी वर्गात बसून राहिले. विषय होता तापाच्या रुग्णाची शुश्रूषा. कपाळावर पट्टी कशी ठेवायची, किती वेळाने बदलायची, हे मी वहीत उतरवून घेतलं. घरी मुलीच्या कपाळावर पट्टी शेजारच्या काकू ठेवत होत्या.

पहाटे साडेपाचला मी रामदासपेठेतल्या एका फ्लॅटवर पोहोचते. तिथल्या आजी अंथरुणाला खिळलेल्या आहेत. त्यांचं अंग पुसणं, कपडे बदलणं, चहा पाजणं. साडेसातला निघते, आठला कॉलेज. रविवारी दिवसभर तिथेच. त्या नोकरीत रजेला पालक लागत नाही. रजाच मिळत नाही. मुलगी शाळेची तयारी स्वतः करते. वेणी काकू घालून देतात.

त्या संध्याकाळी काकूंनी विचारलं, "काय म्हणली तुही मॅडम?"

"काय म्हणन? कागद फाडला आन् तोंडावर फेकला. कुत्र्यावाणी हाकललं."

"मले तर नाही समजत बाप्पा. एवढ्या मोठ्या घोडीले कायचा पालक?"

आम्ही दोघी हसलो. मुलगी पांघरुणात होती. डोळे मिटलेले होते. मी ती झोपली असं धरून चालले.

भाऊ काटोलला संत्र्याच्या मार्केटात एका व्यापाऱ्याकडे आहे. माझ्याहून सात वर्षांनी लहान. आई गेली तेव्हा तो आठवीत होता. त्याच्या प्रगतिपुस्तकावर दहावीपर्यंत पालक म्हणून माझी सही आहे. तो सकाळच्या बसने आला. मॅडमनी त्याला "बसा" म्हटलं. मी उभी होते.

"तुमच्या बहिणीला जरा समजावा," मॅडम त्याला म्हणाल्या. त्याच्यासमोर एक छापील हमीपत्र ठेवलं. त्याने सही केली.

बाहेर आल्यावर त्याने त्यातलं वाक्य पुन्हा म्हणून दाखवलं. "मी माझ्या पाल्याच्या वर्तणुकीची हमी देतो. ताई, तू माही पाल्य झाली वं आता! नीट वाग." मग बस स्टँडवर म्हणाला, "दरखेपी मले नाही जमत यायले. सीझन हाय. तूच मारत जा माही सही. कोण पाहून राह्यलं?"

पहिली सही त्याची होती. नंतरच्या सात मी केल्या.

सराव मी मुलीच्या रफ वहीच्या मागच्या पानावर केला. ती समोर गणितं सोडवत बसली होती.

"मामाचं नाव तू काहून लिहून राह्यली?"

"मामाले टाइम नाही म्हणून."

"मंग चालते असं?"

"चालते."

हा शब्द माझा आहे. तो दुसऱ्या कुणावर ढकलता येत नाही. मॅडमवरही नाही.

त्या सात रजा मंजूर झाल्या. दोन त्याच गल्लीत घर बदलण्यात गेल्या, दोन आजींच्या घरी पाहुणे आले म्हणून, एक माझ्या पाठदुखीत, दोन अभ्यासात. मुलीसाठी त्यांतली एकही नव्हती. तिने मागितली नाही. डिसेंबरनंतर ती काहीच मागत नव्हती. पोरगी समजूतदार झाली, असं मी काकूंना सांगितलं.

जानेवारीत कॉलेजने आम्हाला काटोल रस्त्यावरच्या एका गावातल्या शाळेत नेलं. मुलांची आरोग्य तपासणी होती. मला डोळे तपासायचं काम मिळालं. भिंतीवर अक्षरांचा तक्ता, सहा मीटरवर मूल, एक डोळा झाकलेला. ज्याला खालच्या ओळी वाचता येत नाहीत त्याच्या नावापुढे खूण करायची. शेवटी घरी द्यायची चिठ्ठी. एक मुलगी तक्ता पाठ करून आली होती. रांगेत उभी राहून पुढच्यांचं ऐकलं होतं तिने. मी तीच ओळ शेवटाकडून वाचायला सांगितली तेव्हा ती अडखळली. मॅडम मागे उभ्या होत्या. म्हणाल्या, "छान पकडलंस. असंच बघायचं असतं." त्यांनी माझी केलेली ती पहिली स्तुती. मी दिवसभर खूश होते.

त्या दिवशी माझ्या मुलीच्या शाळेतली नोटीस पाच आठवड्यांची झाली होती.

हे मला मार्चमध्ये कळलं. एका शनिवारी दुपारी मुलीच्या वर्गशिक्षिकेचा फोन आला. मी युनिफॉर्मवरच गेले. त्यांनी मुलीची डायरी उघडून टेबलावर ठेवली. तीन नोटिसा. दोन पालक सभेच्या. तिसरी डिसेंबरातली: मुलीला फळ्यावरचं दिसत नाही, डोळे तपासून घ्यावेत. तिन्हींखाली सही.

"वाचून सही केली, मंग चष्मा का नाही केला?" बाई म्हणाल्या. "पहिल्या बाकावर बसवलं तरी बाजूवालीच्या वहीतून उतरवते. आणि तुम्ही तर नर्सिंग शिकता म्हणे."

मी सही पाहिली. सहीखाली मी एक रेघ मारते. तीही होती. अक्षराचा कल माझा. मी रफ वहीत मामाची सही जशी हळूहळू गिरवली, तशीच ही गिरवलेली होती.

"माझीच सही आहे," मी बाईंना सांगितलं. "राहून गेलं."

घरी आल्यावर डायरी मुलीसमोर ठेवली.

"हे कोणं केलं?"

"मी."

"काहून?"

तिने डायरी मिटली. मग म्हणाली, "तुले रजा मांगा लागली असती. ते मॅडम तोंडावर कागद फेकते ना."

मी डायरी पुन्हा उघडली. तिला वाटलं मी रागावले. ती घाईने म्हणाली, "मामाची सही तू नाही करत का? चालते म्हणली होती तू."

मी तिला मारलं नाही. तिला जवळही घेतलं नाही. तो धीर झाला नाही. कॅलेंडर खिळ्यावरून काढलं, खोलीच्या त्या टोकाला धरलं आणि वाचायला सांगितलं. महिन्याचं नाव तिला वाचता आलं. तारखा नाही. मी चार पावलं पुढे आले. तरी नाही. आणखी दोन पावलं आले तेव्हा तिने वाचायला सुरुवात केली.

"चालते म्हटलं ते चुकलं माहं," मी म्हणाले.

तिने विचारलं, "आता?"

दुसऱ्या दिवशी, रविवारी, आजींच्या घरून आल्यावर मी दोन कागद लिहिले. पहिला रजेचा अर्ज. कारण: मुलीचे डोळे तपासणे. पालकाच्या रकान्यात माझं नाव, नातं: स्वतः. दुसऱ्या कागदावर लिहिलं की आधीच्या सात अर्जांवरच्या सह्या भावाच्या नाहीत, त्या मी केल्या. सातही तारखा लिहिल्या. मुलगी समोर बसली होती.

"आता कोणाची सही करून राह्यली?"

"माही."

मग भावाला फोन करून सांगितलं, "कॉलेजातून बोलावलं तरी येऊ नको." तो म्हणाला, "काढून टाकतीन तुले, ताई." मी म्हटलं, "माहीत हाय."

सोमवारी सकाळी मॅडमच्या केबिनमध्ये दोन्ही कागद ठेवले. त्यांनी दुसरा कागद दोनदा वाचला.

"सात वेळा? ही फोर्जरी आहे. कळतं का तुला?"

"हो मॅडम."

"मी आत्ता तुला काढू शकते."

"हो मॅडम."

"मग सांगितलंस कशाला? कुणाला कळलं नव्हतं."

"माझ्या मुलीला कळलं होतं."

त्यांनी पेनाला टोपण लावलं. "भावाला बोलव. मी त्याच्याशी बोलते."

"भाऊ येणार नाही, मॅडम. त्याच्या प्रगतिपुस्तकावर पालक म्हणून मी सही करायची. माझ्या कागदावर तो करणार नाही. मीच करीन."

"आवाज खाली."

आवाज खालीच होता.

"रजा मंजूर नाही," त्या म्हणाल्या.

"उद्या मी येणार नाही, मॅडम. गैरहजेरी लावा. आणि आमच्याकडे बायकांना विचारणारं कुणी नसतं असं तुम्ही म्हणाला होतात. माझ्या घरी नऊ वर्षांची मुलगी विचारते. तिला उत्तर द्यावं लागतं."

मी केबिनचं दार ओढून घेतलं. त्या दिवसाची हजेरी लावून मी वॉर्डात ड्युटीला गेले.

मंगळवारी सरकारी दवाखान्याच्या डोळ्यांच्या ओपीडीत आमचा नंबर साडेअकराला लागला. डॉक्टरांनी तपासून विचारलं, "आधी का नाही आणलं? पोरगी किती महिने अंदाजाने वाचत असेल." मी म्हणाले, "माझी चूक." त्यांनी दोन्ही डोळ्यांचा नंबर लिहून दिला. चष्मा गुरुवारी मिळाला. तो लावून मुलगी दारात उभी राहिली आणि समोरच्या किराणा दुकानाची पाटी वाचली. मग खालचा मोबाइल नंबर. मग मागच्या भिंतीवरची क्लासची जाहिरात. ती वाचत राहिली. मी आत गेले.

बुधवारी कॉलेजचा मेमो आला होता. शुक्रवारी दहा वाजता पालकांसह शिस्तपालन समितीपुढे हजर राहावे.

गुरुवारी संध्याकाळी मुलीने चष्म्यातून तो मेमो स्वतः वाचला.

"काढलं तर?"

"काढतीन तर माह्या नावानं काढतीन."

शुक्रवारी पावणेदहाला मी ऑफिसात पोहोचले. क्लार्कने वही पुढे केली. विद्यार्थिनीची सही, पालकाचं नाव, पालकाची सही, नातं.

"पालक कुठे आहेत?" त्याने माझ्या मागे पाहिलं.

"आल्या आहेत," मी म्हणाले, आणि चारही रकाने भरले.

समितीने दहा वाजून चाळीस मिनिटांनी आत बोलावलं. सात सह्यांबद्दल विचारलं. मी केल्या, असं सांगितलं. निर्णय लेखी कळवू, असं ते म्हणाले. हे लिहीपर्यंत तो आलेला नाही. वहीतल्या त्या ओळीत दोन सह्या आहेत. दोन्ही माझ्या.