युनूसभाईंचं फ्रेंच

वणीत हाताने वेत विणून देणारे आता युनूसभाई एकटेच. प्लास्टिकच्या खुर्च्या आल्या तशी बाकीच्यांनी ही कामं सोडली. यांच्या दुकानात वेताच्या पट्ट्या अजून बादलीत भिजत पडलेल्या असतात.

माझी लेक सुरभी पुण्यात फर्निचर डिझाइन शिकते. शेवटच्या वर्षाच्या कामासाठी कॉलेजने तिला एक जुनी खुर्ची दिली. सत्तर वर्षांपूर्वी एका फ्रेंच माणसाने सरकारी कचेऱ्यांसाठी आखलेली. शौकीन लोक अशा खुर्च्या जगभर शोधत फिरतात म्हणे. बैठकीचा वेत फाटलेला. सरांची अट एकच: वेत नवा चालेल, पण लाकडाचा जुना रंग आणि त्यावर रंगवलेला कचेरीचा नंबर जाता कामा नये. गेला तर सुरभीचं वर्ष गेलं.

सुरभी खुर्ची घेऊन घरी वणीला आली, पण लगेच दोन दिवस मामाकडे मुकुटबनला गेली, म्हणून खुर्ची युनूसभाईंकडे मीच पोचवली. काळजीत माझी जीभ जास्तच चालते. म्हटलं, "युनूसभाई, ही साधी नाही, फ्रेंच आहे. तसंच काम करा."

"फ्रेंच? हो ताई, करून देतो."

मी निश्चिंत झाले. सुरभी आल्यावर तिला हे कौतुकाने सांगितलं, तर तिने लगेच चपला घातल्या. "आई, सुतारांच्या बोलण्यात फ्रेंच म्हणजे लाखेचं पॉलिश. त्याआधी जुनं सगळं घासून काढतात."

आम्ही तशाच निघालो. गॅस बंद केला का, हे मी तिला रस्त्यात तीनदा विचारलं.

दुकानात लाख भिजवलेली बाटली तयार होती. नव्या विणलेल्या बैठकीवर पॉलिश पेपर पडलेला. खुर्ची मात्र होती तशीच काळपट. सुरभीने वाकून पाहिलं. नंबर जागेवर होता.

"घासली नाही काहून?" मी विचारलं.

"घासूनच राह्यलो होतो, ताई. खुर्चीच्या पायाला खाली अंगठ्याएवढं घासलं, मंग नंबर दिसला."

चाळीस वर्षं त्यांनी कचेऱ्यांच्या खुर्च्या विणल्या. नंबर खरवडला की खुर्ची चोरीची ठरते, म्हणून मालकाला विचारल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही, ही त्यांच्या अब्बांची शिकवण. मला त्यांनी तीन फोन केले होते. अनोळखी नंबर मी भीतीने उचलतच नाही.

"तुमी उचलला नाही, म्हून बसलो थांबून."

मी फ्रान्सचं सांगितलं तेव्हा ते बाटलीकडे पाहत हसले. "म्हणजे फ्रेंच हा मुलूख आहे? मी त उमरभर या बाटलीत समजत होतो."

सुरभी पास झाली. अहवालात तिने ती घासलेली जागा लपवली नाही. शेवटी लिहिलं: वेतकाम आणि राखण, युनूस शेख, वणी.

तो कागद मी त्यांना नेऊन दिला. त्यांनी चष्मा लावून आपलं नाव दोनदा वाचलं. त्यांचा नंबर आता माझ्या फोनमध्ये नावासकट आहे. परवा त्यांचा फोन आला, तो मी पहिल्याच घंटीला उचलला.