पुंडलिकाची पिवळी काच

आपल्यापेक्षा लेन्सच नवऱ्याला जास्त प्रिय आहे, असं सदर बाजारातल्या पुंडलिक फोटोवाल्याची बायको चारचौघांत सांगायची आणि पुंडलिक ते कधी खोडून काढत नसे. विलायतेला परतणाऱ्या एका कप्तानाकडून घेतलेली जर्मन लेन्स होती ती. तिला धूळ लागू नये म्हणून त्याने पुढे एक पिवळी काच चढवली, ती कायमचीच. धुआंधार धबधब्याच्या तुषारांत काच, बंद खोलीतही काच.

मेहुणा हेमचंद्र नागपूरहून विज्ञान शिकून आला होता, त्यामुळे गप्प बसणं त्याला जमत नसे.

"भाऊजी, ही काच ढगांचे फोटो काढायले असते. तुम्ही घरातबी लावून राहिले! अर्धा उजेड खाते ती. काहून लावता?"

"लेन्सवर ओरखडा पडला तर तुझा प्रोफेसर भरून देईन का?"

"मग देवघरातच ठेवा न तिले. फोटो कायले काढता?"

अशात चेरीताल मोहल्ल्यातल्या राधाबाईंच्या नातवाची हळद आली. तोंडावर देवीचे वण, म्हणून राधाबाईंनी जन्मात फोटो काढू दिला नव्हता. नातू हटूनच बसला तेव्हा कबूल झाल्या.

"एकदाच बसन. बिघडला तर हे धूड घेऊन पुन्हा दारात यायचं नाही."

चेरीतालच्या मराठी लग्नांत आचाऱ्यापासून फोटोवाल्यापर्यंत सगळे राधाबाईंच्या शब्दावर ठरत.

हळदीच्या दिवशी अंगणात कॅमेरा मांडून पुंडलिक काळ्या कापडाखाली शिरला. तेवढ्यात नवरदेवाच्या बहिणीने, कुंदाने, तेलात कालवलेली हळद भावावर फेकली. भाऊ वाकला, हळद कॅमेऱ्यावर आली. पुंडलिकाने लगबगीने लाकडी पेटी पुसली. काचेकडेही नजर टाकली. काच पिवळी, हळद पिवळी. त्याला काहीच दिसलं नाही. त्याने राधाबाईंचा फोटो घेतला.

घरी फोटोची प्लेट धुतली, तर राधाबाई जणू वाफेत बसलेल्या. वण नाहीत, सुरकुत्या नाहीत, नाक कसंबसं. काच उजेडात धरल्यावर तेलकट ओघळ दिसले. हेमचंद्र पोट धरून खालीच बसला.

"लेन्स वाचली भाऊजी, आजी गेली!"

दुसरी संधी तर नव्हतीच. फोटो घेऊन पुंडलिक चेरीतालला गेला आणि शिव्या ऐकायच्या तयारीने खांबाला टेकून उभा राहिला. राधाबाई फोटो उजेडात नेऊन पाहत राहिल्या. उलटा करून मागेही पाहिलं.

"मीच हे?"

"तुम्हीच, आजी."

"म्हणजे इतके दिवस आरसाच खोटं बोलून राहिला होता! कुंदे, बसाले पाट दे याले. आणि बर्फी आण."

पुढच्या लग्नसराईत सदरच्या दुकानात मावश्या, आत्या, विहिणी, सगळ्यांचं एकच मागणं: राधाबाईंसारखा काढ.

"आता तरी ती घाण धुवा," हेमचंद्र म्हणाला.

पुंडलिकाने झटकन कॅमेऱ्यासमोर आडवा हात धरला. पिवळ्या काचेपुढे आता एक कोरी, स्वच्छ काच बसली होती.

"आणि हे काय नवीन?"

"हळद पुसल्या जाऊ नये म्हणून."