कंसात कोण बसणार

सायलीच्या लॅपटॉपवर एक रिकामा कंस होता. नव्या इमारतीत आमच्या वस्तीला घरं वाटायची होती. कुणाचा नंबर आधी, हे ठरवणारा क्लास, म्हणजे प्रोग्रामचा एक तुकडा, ती लिहीत होती. जो पुढे, त्याला खालचा मजला. तुलना कशाची, तो प्रकार कंसात भरायचा होता.

“माणूस लिही,” मी म्हणालो.

“येड्या, मग हा फक्त माणसांनाच चालेल. माझ्या कोडच्या लायब्ररीतून तो कुणालाही, कशासाठीही वापरता आला पाहिजे. ‘काहीही’ लिहिते, कांदेबटाटेसुद्धा चालतील.”

“आणि आपल्या वस्तीतल्या कमलमावशीचे दुखरे गुडघे?”

“‘काहीही’ला गुडघे असतात, हे क्लासला कुठून कळणार?”

संताप आला. या देशात माणसांना मागेपुढे लावायची सोय आधी होते. रांगेत माणसं आहेत, हे नंतर कुणीतरी ओरडून सांगायचं. मी ओरडलोच, “मग सगळे समान, असं लिही!”

तिने लिहिलं आणि घरवाटप समितीने दिलेली नावं त्यात घातली. नावं जशीच्या तशी बाहेर आली. यादीत पहिला समितीच्या अध्यक्षांचा मेहुणा, शेवटची कमलमावशी, म्हणजे तिला सगळ्यात वरचा मजला.

“समान म्हटलं की तो कुणालाच हलवत नाही,” सायली हळूच म्हणाली. “जो जिथे उभा, तो तिथेच.”

‘आम्ही सगळे समान’ हीच ओळ घरांच्या मागणीसाठी काढलेल्या आमच्या पत्रकांवर मोठ्या अक्षरांत आहे. ती मीच लिहिली. कमलमावशीने ती घरोघर वाटली, कठडा धरून, एकेक जिना चढत.