दाराआडचं स्टूल

इशान, रेवा,

आजोबा गेल्याचं तुम्हाला फोनवर मीच सांगितलं. एका वाक्यात सांगितलं. मग रेवानं विचारलं, ‘आजी, त्यांनी शेवटची मॅच कुणाबरोबर बघितली?’ उत्तर न देताच मी फोन ठेवला. ते आता लिहिते आहे... नीट, पहिल्यापासून.

ही तुमच्या जन्माआधीची गोष्ट. तुमचे बाबा नुकतेच परदेशी गेले होते, घरात आम्ही दोघंच, आणि त्या उन्हाळ्यात वीस-वीस षटकांची ती लीग पहिल्यांदा सुरू झाली. आजोबा साखर कारखान्यातून केमिस्ट म्हणून निवृत्त झालेले, पाच दिवसांच्या कसोटीवर वाढलेले. लिलावात विकत घेतलेले खेळाडू, रंगीबेरंगी कपडे हे सगळं पाहून ‘ही जत्रा आहे’ म्हणाले. मैदानाकडेला मुली नाचू लागल्या की चष्मा पुसत बसायचे. पण शेजारचे बाबूभाई शिलाईचं दुकान लवकर बंद करून रोज संध्याकाळी येऊ लागले आणि ती जत्रा आमच्याच बाहेरच्या खोलीत भरली. आमच्या कोल्हापूरला संघ नव्हता, म्हणून दोघांनी मुंबई आपली मानली.

एकदा मी आंब्याच्या फोडी घेऊन बाहेर आले आणि मुंबईचा चांगला जमलेला फलंदाज त्रिफळाचीत झाला. पुढच्या सामन्यात पाणी घेऊन आले, तेव्हा दुसरा गेला. एवढ्यावरून निष्कर्ष काढायचा नसतो, असं म्हणून आजोबांनी कारखान्यात उसाचा रस तपासावा तशी माझी तपासणी केली. मुद्दाम हाक मारून बाहेर बोलावलं. विकेट पडली. बाबूभाईंनी निकाल देऊन टाकला, ‘वैनी, तुमी आतच ऱ्हावा की. दोन ओव्हरचा तर प्रश्न हाय.’

तो दोन ओव्हरचा प्रश्न पुढे कित्येक वर्षं चालला. मी कॉलेजात इंग्रजी शिकवलेली बाई, शकुन-अपशकुन न मानणारी. आधी रागावले, मग हसले आणि स्वयंपाकघराच्या दाराआड स्टूल टाकून बसले. दुसऱ्या वर्षी सामने आफ्रिकेत गेले, तेव्हा मी म्हटलं, समुद्रापलीकडे माझा काय परिणाम होणार? आजोबा शांतपणे म्हणाले, ‘टीव्ही इथंच आहे ना.’

स्टुलावरून टीव्ही दिसायचा नाही, आजोबांचा उजवा पाय तेवढा दिसायचा. चौकार गेला की टाच फरशीवर आपटायची. विकेट पडली की अंगठा आत वळायचा आणि बराच वेळ तसाच राहायचा. आणि त्यांचा आवाज यायचा. ‘ऐकलंस का? कव्हरमधून मारला. उभ्या उभ्या.’ एरवी कामापुरतं बोलणारा हा माणूस उन्हाळ्यातल्या त्या संध्याकाळी चेंडूगणिक माझ्याशी बोलत असे. संसारात इतकं ते माझ्याशी कधीच बोलले नव्हते. तुमचे बाबा गेल्यावर घर रिकामं झालं होतं, ते त्या आवाजानं भरलं. तरीही एखादा सामना त्यांच्या शेजारी बसून बघावा, असं मला फार वाटायचं. एकदा तसं म्हणालेही. ‘फायनल होऊ दे,’ ते म्हणाले. फायनल झाली की सामने संपतात, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

या वर्षी त्यांना दवाखान्यातून घरी आणलं, तेव्हा डॉक्टरांनी आणखी काही करण्यासारखं उरलं नसल्याचं सांगितलं होतं. बाहेरच्या खोलीत पलंग टाकला. संध्याकाळी मुंबईचा सामना होता. बाबूभाई त्या दिवशी आले नाहीत. मला वाटतं, मुद्दामच. मी औषध दिलं, पांघरूण नीट केलं आणि सामना अटीतटीला आल्यावर सवयीनं आत जायला उठले. त्यांनी माझा पदर धरला.

‘बस इथंच.’

‘अहो, विकेट पडेल.’

‘पडू दे.’

मी पलंगाच्या कडेला बसले. पडद्यावरचा चेंडू मला नीट दिसेना, डोळे भरून आले होते. विकेट पडलीच. मी त्यांच्या पायाकडे पाहिलं, तो पांघरुणाखाली होता. त्यांचा हात मात्र माझ्या हातात होता, तो त्यांनी काढून घेतला नाही. मुंबई हरली. ‘छान झाली मॅच,’ ते म्हणाले. त्यानंतरचा सामना त्यांनी पाहिला नाही... रेवा, तुझ्या प्रश्नाचं हे उत्तर.

परवा बाबूभाई आले. टीव्ही लावला आणि दाराशी येऊन म्हणाले, ‘वैनी, भाईर बसा की आता. कोन काय म्हननार हाय?’ मी गेले, आजोबांच्या खुर्चीशेजारी बसून पाहिलं. एक ओव्हरसुद्धा बसवलं नाही. उठून आत आले आणि स्टुलावर बसले. बाहेर चौकार गेला असावा, टीव्हीवर लोक ओरडत होते. मी दारातून पाहिलं. टाच आपटून आपटून जिथली झिलई गेली आहे, ती फरशी तेवढी दिसत होती.

तुमची,
आजी