शेजारची जुनी ओळ

वडप्याची आमची माळजमीन आम्ही काही वर्षं मक्याच्या चाचणीला दिली होती. बियाणं संशोधनातला तो माणूस तेव्हा हंगामभर रोज दिसायचा. नाव त्यानं सांगितलंही असेल, आम्ही नुसतं साहेब म्हणायचो. चालता चालता तो कणसाचा शेंडा चिमटीत दाबून बघायचा, दाणा टोकापर्यंत भरलाय का ते.

नव्या वाणांच्या मधोमध तो दरवर्षी एक जुनं वाण पेरायचा. त्याच दिवशी, तेच खत, तेच पाणी. ते त्यानंच तरुणपणी तयार केलेलं होतं. कणसं आखूड, ताटं वाऱ्यानं कललेली.

एकदा मी म्हणालो, "साहेब, याच्यात आता दम न्हाय. कशाला लावता?"

"हवापाणी चांगलं झालं की सगळीच वाणं हुशार दिसतात. जुनं शेजारी असलं तरच कळतं, आपण खरंच किती पुढं गेलो."

"आणि जुनंच जिंकलं तर?"

"तर एवढी वर्षं आम्ही नुसते जेवलो."

त्या वर्षी काढणीनंतर वजनं झाली. काट्याकडे बघून तो म्हणाला, "हरलं माझं." चेहरा निवलेला होता. मग त्या हरलेल्या ढिगातलं एक कणीस त्यानं उचललं, रुमालानं पुसलं आणि गाडीत आपल्या शेजारच्या सीटवर ठेवलं.

वडप्यात आता बांधाला बांध लागून गोदामं आहेत. त्यातलं एक आमचं. पाहुणे म्हणतात, गाव किती पुढं गेलं! मी मान हलवतो. खरंच गेलं का, ते मला सांगता येत नाही. शेजारी जुनं काहीच आम्ही ठेवलेलं नाही.