हवेच्या फळीचं उद्घाटन

"आधी साहेबांचा हात लागू द्या."

आमच्या कॉलेजचे क्रीडा संचालक हे वाक्य इतक्या वेळा म्हणत की शिपायांनी त्याची नक्कल बसवली होती. स्टाफरूममध्ये चहा आला की प्राचार्यांनी कप उचलेपर्यंत हे आपल्या कपाकडे नुसते बघत बसत. वर साय धरे. वाढदिवसाचा केक असो, नवी दिनदर्शिका असो की नवा बास्केटबॉल, पहिला स्पर्श पदाने मोठ्या माणसाचाच व्हायला हवा, अशी त्यांची श्रद्धा होती. मोठा माणूस मिळेपर्यंत वस्तू थांबे. एकदा नवंकोरं स्ट्रेचर अध्यक्षांची वेळ मिळेपर्यंत प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवलं होतं, आणि पाय मोडलेल्या कबड्डीपटूला चौघांनी हातापायांना धरून रिक्षापर्यंत नेलं. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल. असला तर त्याच्यापेक्षा त्याच्या विद्यार्थ्यांची विचारपूस करा.

मला हा माणूस आवडत नसे, हे सुरुवातीलाच सांगून टाकतो. मी तिथे ग्रंथपाल होतो आणि हे वाचनालयात मैदानावरच्या आवाजात बोलत. गळ्यात कायम शिट्टी. लग्नाला सुद्धा शिट्टी घालून आलेले मी पाहिले आहेत. नुसतं 'सर' म्हटलेलं त्यांना चालत नसे, 'डायरेक्टर सर' म्हणावं लागे.

तरी एक गोष्ट त्यांनी मन लावून केली, आणि तिच्याबद्दलच लिहायचं आहे.

सारिका नावाची आमची एक विद्यार्थिनी होती. कन्नड तालुक्यातली, विहिरीत पोहायला शिकलेली. वडील वाळूजच्या कारखान्यात शिफ्टला. जायकवाडीच्या पाण्यावर एका रिसॉर्टने पॅडलबोर्ड, म्हणजे हवेच्या फळ्या, ठेवले होते. हवा भरायची, वर उभं राहायचं आणि लांब वल्ह्याने पाणी कापत जायचं. सारिका सुट्टीत तिथे काम करता करता त्यावर उभी राहायला शिकली आणि इतकी चांगली शिकली की राज्याच्या संघाच्या निवड चाचणीला तिला बोलावणं आलं. चाचणी कोकणात, कोलाडला, धरणातून पाणी सोडल्यावर उसळणाऱ्या नदीत. अट एकच, फळी ज्याची त्याने आणायची. रिसॉर्ट तोवर बंद पडलं होतं. म्हणून कॉलेजने फळी घ्यायचं ठरलं आणि ती निवडण्याचं काम डायरेक्टर सरांकडे आलं.

प्राचार्यांना गंमत वाटली. "अहो, आपल्या नळाला पाणी आठवड्यातून एकदा. खवळलेली नदी आणणार कुठून? गटार झालेल्या आपल्या खाम नदीत चालवता का?"

प्राचार्य हसले म्हणून सर हसले, प्राचार्य थांबल्यावर थांबले. आणि वाचनालयातलं सगळ्यात मोठं टेबल त्यांनी ताब्यात घेतलं. महिनाभर मला तिथे वर्तमानपत्रं ठेवता आली नाहीत. टेबलभर फळ्यांची चित्रं, मापं, लोकांच्या तक्रारी. माणूस इंग्रजी वाक्य बोटाने वाचत असे, पण एकही सोडत नसे.

सारिकाला लांब आणि अरुंद फळी हवी होती. "सर, ती लई पळती."

"तळ्यात पळते. नदीत पहिल्याच दगडावर नाक आपटेल. नदीला आखूड पाहिजे, रुंद पाहिजे. नाक वर उचललेलं, म्हणजे लाट अंगावर न येता खालून जाते. आणि कातडं दुहेरी."

"मग तळ्यात ती बैलगाडीवानी चालंल."

"खालचे फिन, माशाच्या परांसारखे, बदलता येतात ना. तळ्यात एक लांब लाव, सरळ जाईल. नदीत तीन आखूड, रबरी. दगड लागला तर वाकतील, तुला पाडणार नाहीत."

"व्हय, अन् पायाला फळीची दोरी मी बांधतेच."

"तळ्यात बांध," सर म्हणाले. "नदीत पायाला दोरी बांधायची नाही. दगडात अडकली तर पाणी तुला खाली धरून ठेवेल, तुझा हात पायापर्यंत पोचणार नाही. कमरेला पट्टा, एका झटक्यात सुटणारा. तो मी आणतो."

हे ते हळू बोलले. मी मान वर करून पाहिलं. शिट्टी गळ्यातच होती.

"आणि उन्हात पूर्ण हवा भरून ठेवायची नाही," त्यांनी पुढे सांगितलं. "आतली हवा फुगते, जोड उघडतो. लक्षात ठेव." सारिकाने मान डोलावली. आमच्याकडे मे महिन्यात टायर गच्च भरून मोटरसायकल उन्हात लावणाऱ्या कुणालाही हे कळतं, पण त्यांनी ते सांगितलं, याची नोंद असू द्या.

फळी आली. निवड उत्तम होती, हे फळ्यांमधलं ज्यांना कळतं अशा लोकांनी नंतर मान्य केलं. चाचणीला महिना होता. त्या महिन्यात ती फळी खोक्यातून बाहेर निघाली नाही.

सारिका रोज खेळ विभागाच्या दारात. "सर, एकदा पाण्यात घालू द्या. सवय नको का व्हायला?"

"अगं, उद्घाटन व्हायचंय. आधी साहेबांचा हात लागू दे."

साहेब म्हणजे एक पाहुणे. ते कोण होते हे महत्त्वाचं नाही. असे पाहुणे प्रत्येक जिल्ह्यात पुरेसे असतात. त्यांची तारीख दोनदा बदलली आणि शेवटी मिळाली ती सारिका ज्या संध्याकाळी निघणार त्याच दिवसाची. सरांना हा शुभयोग वाटला. "उद्घाटन करून थेट मैदानात!" असं त्यांनी निमंत्रणपत्रिकेवर छापून घेतलं.

सकाळी इमारतीच्या सावलीत, साटीन पांघरलेल्या दोन खुर्च्यांवर फळी ठेवली. हवा गच्च भरलेली. पाहुणे बोटाने दाबून बघतील, तेव्हा कडक लागली पाहिजे. वर हार, कुंकवाची बोटं, शेजारी नारळ, भोवती फीत. आता तिला पाहुण्यांशिवाय कुणी हात लावायचा नव्हता.

पाहुणे दहाला येणार होते. साडेअकरा झाले, सावली सरकत भिंतीला जाऊन टेकली आणि फळी उन्हात आली. मांडव फक्त मान्यवरांवर होता. सर्व जण फळीकडे बघत होते. फितीच्या आत पाऊल टाकायची कुणाची प्राज्ञा नव्हती. माझीही नाही. पण माझ्याकडे शिट्टी नव्हती.

सारिका सरांच्या मागे मागे फिरत होती. "सर, थोडी हवा सोडा ना. हात लावून बघा, तव्यावानी तापली."

"मला कळतं."

"मग सावलीत तरी घेऊ. मी एकटी उचलते."

"पूजा झाली आहे, सारिका. गाड्या कोणत्याही क्षणी येतील."

"अवो सर, तुम्हीच सांगितलं होतं ना!"

तेव्हा ते खरोखर फीत ओलांडून आत गेले. हवा सोडायच्या झाकणाशी वाकले. झाकणावर बोट ठेवलेलं मी पाहिलं. आणि फाटकात हॉर्न वाजला. सर ताठ झाले, टेबलावरचा हार घेतला आणि धावत फाटकाकडे गेले. गाडीत पाहुणे नव्हते. पाहुणे अजून अर्ध्या तासाने येतील, हे सांगायला आलेला त्यांचा माणूस होता. सरांनी हार त्यालाच घातला.

मागे आवाज झाला. फुग्यासारखा नव्हता. जाड कापड फाडावं तसा, आणि मग बराच वेळ हवेचा सुस्कारा. नारळ घरंगळत प्राचार्यांच्या पायाशी गेला. मागच्या टोकाला हातभर जोड उघडला होता. सारिका खाली बसली, फाटलेल्या कडा दोन्ही हातांनी जुळवून धरत राहिली. त्यातून अजून गरम हवा येत होती.

उद्घाटन झालं. ते व्हायचं थांबतं थोडंच! फळीची घडी केली, तिच्यावर साटीन टाकलं, पाहुण्यांनी फीत कापली आणि बोटाने दाबून पाहिलं.

"मऊच असते का ही?"

"हो साहेब," डायरेक्टर सर म्हणाले. "हवा नंतर भरायची असते."

तरुणाईने लाटांवर स्वार व्हावं, असं पाहुणे बोलले. टाळ्या वाजल्या.

संध्याकाळी सारिका बसस्थानकावर पुण्याच्या गाडीत बसली होती, मांडीवर वल्हं आडवं धरून. तिला निरोप द्यायला मी गेलो होतो. वडिलांची शिफ्ट होती. गाडी सुटायच्या बेताला डायरेक्टर सर आले. घामाघूम, हातात हेल्मेट आणि तो कमरेचा पट्टा. दोन्ही त्यांनी खिडकीतून आत दिलं. तिने घेतलं. पट्ट्याची कळ एकदा ओढून पाहिली, सुटली. परत लावली.

"कोलाडला पुण्याच्या मुलांबरोबर त्यांचे कोच असतील," सर म्हणाले. "माझे ओळखीचे आहेत. फळी मागून घे. माझं नाव सांग."

"मागून घेईन," सारिका म्हणाली. "नाव नाय सांगणार."

हे ती रागाने बोलली असती तर सरांना बरं वाटलं असतं. त्यांना रागावर ओरडता येत होतं. ती अगदी साध्या आवाजात बोलली आणि पट्टा पिशवीत ठेवायला वळली.

कोलाडला तिला परक्याची लांब, अरुंद फळी मिळाली. पहिल्याच दगडाला नाक लागलं. निवड झाली नाही. पट्ट्यामुळे ती धडधाकट वर आली, हेही सांगायला हवं. मला ते सांगायला आवडत नाही.

पुढच्या वर्षी सर निवृत्त झाले आणि मुलाकडे राहायला गेले. निरोप समारंभाला मी रजा टाकली होती, त्यामुळे माझ्यापुरते ते त्या बसस्थानकावरच थांबले आहेत. त्या संध्याकाळी ड्रायव्हर गाडी मागे घेत होता. कंडक्टर "येऊ दे, येऊ दे" करत होता आणि हे मध्येच उभे होते. तो ओरडला, "ओ काका, बाजूला व्हा की!" काका म्हटलेलं त्यांना कळलं नसावं. दोन पावलं सरकले आणि सारिकाच्या खिडकीकडे हात वर करून राहिले. खिडकीची काच तिने आधीच लावून घेतली होती.