दादाच्या रकान्यातली तारीख

मी चौथीत शाळा सोडलेला माणूस. भुताखेताचं सांगणाऱ्याला आजवर तोंडावर खोटारडा म्हणत आलो. तरी हे लिहितोय... कारण ते मी कागदावर छापलेलं पाहिलंय.

नव्वदनंतरची गोष्ट. गाव समुद्रकाठचं एडवण. मी आणि थोरला दादा बोईसरला एका कापडाच्या कारखान्यात कामाला. एका सुट्टीत दादा होडीवर गेला – होडी परत आलीच नाही.

ऑफिसात नवा कॉम्प्युटर आला होता. तो चालवणाऱ्या बाई साताऱ्याकडच्या. म्हणाल्या, वहिनीला दादाच्या जागी घेता येईल, पण त्याच्या नावापुढे शेवटच्या दिवसाची तारीख पाहिजे. मी म्हटलं, "बॉडी गावली नाय. मी तारीख देणार नाय."

रकाना रिकामा ठेवायला कॉम्प्युटर तयार नाही, आणि हटायला मी. शेवटी बाई म्हणाल्या, तारखेऐवजी एक इंग्रजी शब्द चालतो, 'इन्फिनिटी'. तो सगळ्या तारखांच्या पुढचा, त्याच्यापुढे दिवसच नाही.

"तोच घाला," मी म्हटलं.

दर महिन्याला गेटवर कामगारांची यादी लागायची. बाकी सगळ्यांपुढे रिटायर व्हायची तारीख, आकड्यांत. मला इंग्रजी येत नाही, पण एकाच ओळीत अक्षरं दिसायची – तो माझा दादा. दोन वर्षं मी ती अक्षरं बघून छाती काढून कामावर गेलो. इकडे वहिनी कुंकू लावून दुसऱ्यांची मासळी सुकवायला जायची, पोरींसाठी.

एका शनिवारी दुपारी मी घरी होतो. ऊन पांढरं पडलेलं, समुद्र झोपल्यासारखा. वहिनी बोंबील टांगता टांगता खाली बसली. हळू आवाजात म्हणाली, "भावोजी, ते आता येऊन गेले. पाणी प्याले. बोलले, त्याला विचार, मला किती दिवस उभा ठेवणार?"

बाजूला तांब्या रिकामा होता. तिने पदराने कपाळ पुसलं. "आजची तारीख लिवा."

मी तांब्या भरून परत तिथेच ठेवला.

सोमवारी गेटवर नवी यादी होती. दादाच्या ओळीत आकडे. आकडे मला येतात – शनिवारची तारीख.

बाई म्हणाल्या, यादी तर शुक्रवारीच छापलीय. त्यांनी कॉम्प्युटर उघडून दाखवला... आत अजून अक्षरंच होती. बाई कितीतरी वेळ कागद उलटसुलट करत राहिल्या.

"आता आकडे घाला," मी म्हटलं.

पुढच्या महिन्यात वहिनी कामावर लागली.

बाई म्हणायच्या, प्रिंटर चुकला असेल. असेल. मला आजही उलगडा नाही. पण दादाला दोन वर्षं मी उभा ठेवला होता, हे त्या प्रिंटरला कोणी सांगितलं?